अंगठा आईचा, पैसे काढले कोणी?

प्रति,
मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई
मा. व्यवस्थापकीय संचालक, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, मुंबई
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण, नवी दिल्ली
मा. नोंदणी महानिरीक्षक, महाराष्ट्र राज्य, पुणे

महोदय,

आधारच्या अंगठ्यावर माझ्या आईच्या खात्यातून तिच्या नकळत पैसे निघाले, म्हणून आपणा चौघांना मी एकच पत्र लिहिते आहे. गेले काही महिने मी ज्या टेबलापाशी गेले, तिथून मला पुढच्या टेबलाकडे पाठवलं गेलं. बँकेत सांगितलं, ठसा आधारनं जुळवला, आमच्या हातात काही नाही. पोलीस ठाण्यात सांगितलं, आधी बँकेचं पत्र आणा. पत्र मागितलं तर बँकेनं सांगितलं, पोलिसांनी मागितलं तरच देऊ. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. ते आपण वाचावं, आणि ज्यांची ज्यांची खाती आधारला जोडलेली आहेत त्यांनीही वाचावं.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवते. आठ वर्षं झाली. एक गाळा, एक लॅपटॉप, एक प्रिंटर, बोटाचा ठसा घ्यायचं मशीन आणि व्हॅसलिनची डबी. डबी कशाला, ते पुढे सांगते. लाडक्या बहिणीचे पंधराशे, पीएम किसानचे दोन हजार, निराधारांचं अनुदान, यातलं काहीही जमा झालं की सकाळी साडेसातला माझ्या दारात रांग लागते. त्या रांगेतल्या बायांना मी नावानं ओळखते. तेव्हा आधारवर पैसे काढायची ही सोय वाईट आहे, ती बंद करा, असं कुणी म्हटलं तर त्याच्याशी सगळ्यात आधी मीच भांडेन. ही सोय नव्हती तेव्हा माझ्या आईला हजार रुपये काढायला बावीस किलोमीटरवरच्या शाखेत जावं लागायचं. एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजंदारी धरली तर त्यातले तीनशे रस्त्यातच संपायचे. २०२३ या एका वर्षात ३७ कोटींहून जास्त लोकांनी ही सोय वापरली, असं रिझर्व्ह बँकेनंच सांगितलं आहे. मला त्याचं नवल वाटत नाही.

पण याच सोयीनं माझ्या आईच्या खात्यातून तीन दिवसांत २८,५०० रुपये गेले. दहा हजार, दुसऱ्या दिवशी दहा हजार, तिसऱ्या दिवशी साडेआठ हजार. ते ज्या केंद्रावरून निघाले ते दुसऱ्या राज्यात आहे. आईनं ते राज्य कधी पाहिलेलं नाही. त्या तीन दिवसांत ती कापूस वेचत होती. एकूण सोळा बायका तिच्याबरोबर रानात होत्या.

आम्हाला कळलं एकोणीस दिवसांनी. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर वडिलांचा होता. ते गेल्यावर ते सिम बंद पडलं, आणि नंबर बदलायचं माझ्या डोक्यात आलं नाही. ही चूक माझी आहे आणि मी ती मान्य करते. आई माझ्याच केंद्रात आली, नेहमीच्या खुर्चीत बसली, अंगठा ठेवला आणि पडद्यावर शिल्लक दिसली २१२ रुपये. ती म्हणाली, "परत बघ गं, नीट लागला नसंल." मी परत पाहिलं. तिसऱ्यांदाही पाहिलं. मग तिला चहा सांगितला आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या नंबरला फोन लावला.

बँकेत आम्ही दोघी गेलो. समोरच्या अधिकाऱ्यांनी उतारा पाहिला आणि म्हणाले, "व्यवहार बायोमेट्रिकनं झालाय, ठसा यांचाच आहे, म्हणजे पैसे यांनीच काढलेत. घरातल्या कुणी नेलं असेल तर विचारा." घरातली कुणी म्हणजे मीच. आई पायरीवर बसून राहिली. त्या बँकेचं नाव मी लिहीत नाही, कारण हा एका शाखेचा किंवा एका अधिकाऱ्याचा प्रश्न असता तर मी तिथेच भांडून मोकळी झाले असते. ते अधिकारी बोलले ते त्यांच्या मनाचं नव्हतं. ही सगळी व्यवस्थाच तसं मानून चालते: ठसा जुळला की माणूस तिथे होता.

माझं या पत्रातलं सगळं म्हणणं या एका वाक्याविरुद्ध आहे.

माझ्या केंद्रात नेमकं काय होतं ते सांगते, कारण शहरातल्या पुष्कळ लोकांना ते माहीत नसतं. गिऱ्हाईक येतं. मी विचारते, कुठली बँक? मग आधारचे बारा आकडे टाकते, रक्कम टाकते, बोट काचेवर ठेवायला सांगते. ठसा आधारच्या सर्व्हरकडे जातो. तिथून 'जुळला' असं उत्तर आलं की नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या जाळ्यावरून खात्यातली रक्कम वळती होते आणि मी गल्ल्यातून नोटा मोजून देते. खाते क्रमांक लागत नाही, कार्ड लागत नाही. पिन नाही, ओटीपी नाही. एका व्यवहाराला दहा हजारांपर्यंत. म्हणजे बँकेचं नाव, आधारचा नंबर आणि बोट, एवढ्या तीन गोष्टी. त्यातली पहिली गावात सगळ्यांना ठाऊक असते. दुसरी झेरॉक्सच्या दुकानापासून लॉजच्या रजिस्टरपर्यंत सगळीकडे पडलेली असते. उरलं बोट. सगळा भरवसा त्या बोटावर.

आणि बोट ही गुपित गोष्ट नाही. पाण्याच्या पेल्यावर, दाराच्या कडीवर आपण दिवसभर ते सोडत असतो. जपानमधल्या योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठात त्सुतोमू मात्सुमोतो नावाच्या प्राध्यापकांनी २००२ सालीच दाखवून दिलं होतं, की जिलेटिनचं बोट बाजारातल्या ठसा वाचणाऱ्या यंत्रांना फसवू शकतं. २०१५ साली अमेरिकेच्या सरकारी कर्मचारी कार्यालयातून ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेले. कानपूरला सप्टेंबर २०१७ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष पथकानं जी टोळी पकडली, तिनं आधार नोंदणी करणाऱ्या ऑपरेटरांचेच नकली ठसे बनवले होते. म्हणजे आधारच्या स्वतःच्या माणसांचे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, कार्ड हरवलं तर नवं मिळतं. बोटं दहाच असतात आणि जन्मभर तीच असतात.

आधार देणाऱ्या ओळख प्राधिकरणानं फेब्रुवारी २०२३ मध्ये नवी तपासणी आणली. ठशाच्या रेघांबरोबर बोटाची प्रतिमाही पाहायची आणि ते जिवंत बोट आहे का हे ओळखायचं. चांगली गोष्ट आहे, आणि तिनं काही चोऱ्या नक्कीच थांबल्या असतील. पण तुम्ही तपासणी कडक केल्यावर माझ्या केंद्रात काय झालं तेही ऐका. कापूस वेचणाऱ्या बाईच्या बोटाला बोंडाचे काटे लागून लागून रेघा उरलेल्या नसतात. ऊसतोडीहून आलेल्या माणसाचा अंगठा म्हणजे एक घट्टा असतो. भांडी घासणाऱ्या, विटा उचलणाऱ्या, साठी ओलांडलेल्या बाया येतात. मी बोट ओल्या फडक्यानं पुसते, व्हॅसलिन लावते, परत पुसते, एकेक करत दहाही बोटं लावून बघते. कधी जुळतं, कधी त्या तशाच परत जातात. रेशन दुकानातही त्यांची हीच गत असते. माझ्या आईचा खरा अंगठा तिच्या मुलीच्या केंद्रात चार-चार वेळा नाकारला गेलेला मी पाहिला आहे. आणि शेकडो किलोमीटरवर कुणीतरी आणलेला अंगठा तीन दिवस, तीनही वेळा चालला. हे कसं झालं, एवढंच मला आपल्याकडून हवं आहे. त्या व्यवहारांचा तपशील आपल्या सर्व्हरवर आहे: यंत्राचा क्रमांक, वेळ, ऑपरेटर, सगळं. तो आईला मिळत नाही. तिच्याच बोटाची नोंद तिलाच दाखवली जात नाही.

आता नोंदणी महानिरीक्षकांसाठी. पैसे जाण्याच्या पाच महिने आधी आईनं दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. आपल्याकडच्या बायका देतात तसं. दस्ताला फोटो लागला, ठसे लागले. कायद्यानंच ते लावावे लागतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यात २००१ साली ३२-क हे कलम आलं आणि दस्तावर दोन्ही बाजूंचे फोटो व बोटांचे ठसे सक्तीचे झाले. कुणी दुसऱ्याच्या नावानं उभं राहून जमीन विकू नये म्हणून. हेतू योग्यच होता. पण त्याच कायद्याचं कलम ५७ जमिनीच्या दस्तांचं पुस्तक कुणालाही बघायला खुलं ठेवतं, आणि तेही योग्यच आहे, कारण जमीन कुणाची हे लपून राहता कामा नये. १९०८ सालच्या माणसाला हे कुठून सुचणार, की शंभर वर्षांनी त्या कागदावरच्या शाईच्या अंगठ्यानं बँकेतले पैसे निघतील? ते सुचायला हवं होतं ते आपल्याला. एकाच देशात एक कायदा ठसा जाहीर कागदावर उमटवायला लावतो आणि दुसरी व्यवस्था त्याच ठशाला तिजोरीची किल्ली मानते. या दोन खात्यांनी एकमेकांशी बोलून घ्यायला नको होतं का?

ही नुसती माझी भीती नाही. २०१८ साली तेलंगणात पेद्दपल्ली जिल्ह्यात जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून सिम कार्डं चालू केल्याचं उघड झालं होतं. त्यानंतर इतर राज्यांतही दस्तांवरच्या ठशांनी खाती रिकामी केल्याच्या तक्रारी आल्या. आईच्या बाबतीत तसंच घडलं असं मी म्हणत नाही. माझ्याकडे पुरावा नाही, आणि महाराष्ट्राच्या नोंदणी खात्यातून ठसा गेला असा आरोपही मी करत नाही. ठसा आणखी कुठूनही गेला असेल. सिम घेताना, एखाद्या शिबिरात, कुठल्या सर्वेक्षणाच्या टॅबवर. मला शोधता येत नाही आणि ज्यांना शोधता येईल ते शोधत नाहीत. पण आज महाराष्ट्रात एखाद्या दस्ताची प्रमाणित नक्कल किंवा ऑनलाइन प्रत काढली तर त्यात ठसे दिसतात की झाकलेले असतात, हे साध्या मराठीत जाहीर करायला काय हरकत आहे?

रिझर्व्ह बँकेला माझं सांगणं सगळ्यात जास्त आहे, कारण उत्तर त्यांच्याकडे आधीपासून आहे. जानेवारी २०२० मध्ये आपण एटीएम आणि क्रेडिट कार्डांसाठी एक नियम केलात. नवं कार्ड देताना ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांतल्या मशीनपुरतं चालू असेल. ऑनलाइन, परदेशी, टेकवून पैसे देण्याची सोय, हे सगळं बंद. ज्याला हवं तो ते स्वतः चालू करील, मर्यादा स्वतः ठरवील आणि वाटेल तेव्हा परत बंद करील. फार शहाणपणाचा नियम होता तो. माझ्या कार्डाला मी आज तो वापरते. मग अंगठ्याला तोच नियम का नाही? शहरातल्या माणसाच्या कार्डाला चालू-बंदचं बटण आहे. जिच्याकडे कार्ड नाही, स्मार्टफोन नाही, अक्षरओळख बेताची, तिच्या खात्याचा दरवाजा मात्र न विचारता उघडला गेला. आईनं खातं आधारला जोडलं ते अनुदान यावं म्हणून. पैसे आत यायला. त्याच जोडणीतून देशातल्या कुठल्याही केंद्रावरून पैसे बाहेरही जाऊ शकतात, हे तिला कुणी सांगितलं नाही. त्याच्यावर सही किंवा अंगठा कुणी घेतला नाही. आणि जे पगारदार वाचक म्हणतील की आम्ही तर कधी अंगठ्यावर पैसे काढत नाही, त्यांनी आपल्या शाखेत जाऊन विचारावं. खातं आधारला जोडलेलं असेल तर बहुतेक वेळा तुमचाही दरवाजा उघडाच असतो.

दुसरं आहे पुराव्याचं. ६ जुलै २०१७ च्या आपल्या परिपत्रकात स्वच्छ लिहिलं आहे, की ग्राहकाचा दोष होता हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. दोष ग्राहकाचाही नाही, बँकेचाही नाही, व्यवस्थेत तिसरीकडे कुठेतरी आहे आणि ग्राहकानं कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर एक रुपयाचाही बोजा पडत नाही. तक्रार आल्यापासून कामाच्या दहा दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात परत ठेवायची आणि नव्वद दिवसांत प्रकरण निकाली काढायचं. त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांनाही हेच लागू केलंत. मी तो कागद प्रिंट काढून शाखेत नेला होता. उत्तर मिळालं, तुम्ही तीन दिवसांत आला नाहीत, एकोणीस दिवसांनी आलात. पण परिपत्रक म्हणतं ते तीन दिवस बँकेकडून कळल्यापासूनचे. आईला बँकेकडून कळलंच नाही. बंद पडलेल्या नंबरावर गेलेला संदेश, तोही इंग्रजीतला, हे कळवणं धरायचं का? याचं उत्तर आपण दिलं नाहीत तर प्रत्येक शाखा आपल्या सोयीनं देत राहील, आणि ज्याला उशिरा कळतं तो नेहमी गरीबच असतो.

जून २०२५ मध्ये केंद्रचालकांची नीट पडताळणी करायचे निर्देश आपण काढलेत आणि ते १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. तीन महिने केंद्र बंद असेल तर चालकाची पुन्हा तपासणी करायची, त्याच्या व्यवहारांवर नजर ठेवायची. एक केंद्रचालक म्हणून मी त्याचं मनापासून स्वागत करते. आमच्यात वाईट माणसं आहेत. "सर्व्हर डाऊन आहे मावशी, परत अंगठा लावा" असं म्हणून दोनदा पैसे काढून एकदाच देणारे मला माहीत आहेत, आणि त्यांच्यामुळे आम्हा सगळ्यांकडे लोक संशयानं बघतात. पण चालक तपासला म्हणून ठसा सुरक्षित होत नाही. कुलूप तेच आहे, फक्त राखणदाराची चौकशी वाढली.

"बायोमेट्रिक लॉक करा" हा सल्ला मला सगळ्यांनी दिला. बँकेनं दिला, पोलिसांनी दिला, गावातल्या शिकलेल्या पोरांनीही दिला. लॉक आहे, खरं आहे, आणि मी आता आईचं केलंही आहे. पण त्याला आधारशी मोबाईल जोडलेला लागतो, ओटीपी यावा लागतो, ॲप किंवा संकेतस्थळ वापरता यावं लागतं, नाहीतर आधार केंद्र गाठावं लागतं. आणि एकदा लॉक केलं की ते सगळीकडेच लागू होतं. रेशन दुकानात अंगठा चालत नाही, हयातीच्या दाखल्याला चालत नाही. गहू-तांदूळ घ्यायचे तर आधी कुलूप काढा, नंतर परत लावा. पैसे वाचवायचे की धान्य घ्यायचं, अशी निवड सत्तरीला आलेल्या बाईपुढे ठेवायची का? हे लॉक ज्यानं बनवलं त्यानं ते स्वतःच्या आईच्या हातात एकदा देऊन बघायला हवं होतं.

आधारच्या झेरॉक्सबद्दलही थोडं. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं सूचना काढली होती, की आधारची प्रत कुणालाही देऊ नका, फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत द्या. गैरसमज होईल म्हणून दोन दिवसांत ती मागे घेतली गेली. आज माझ्या गावात आकडे झाकलेलं आधार कुणी घेत नाही. मी स्वतः चार ठिकाणी देऊन पाहिलं. चारही ठिकाणी "पूर्ण दिसणारं आणा".

आणि समजा उद्या कुठून तरी लाखो ठसे गळाले, तर आम्हाला सांगणार कोण? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवायचं, हे त्या कायद्यातलं माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचं कलम. ते लागू व्हायला नियम आल्यापासून अठरा महिन्यांची मुदत दिली, म्हणजे मे २०२७. त्याच कायद्यातली माहितीच्या अधिकाराला कात्री लावणारी दुरुस्ती मात्र नियमांबरोबर लगेच लागू झाली. दंड २५० कोटींपर्यंत आहे, पण तो सरकारच्या तिजोरीत जाणार, ज्याचं नुकसान झालं त्याला त्यातलं काही नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-क कलमात भरपाई मागायची जी वाट होती, तीही हा कायदा पूर्ण लागू झाला की बंद होणार आहे. हे संसदेनं ठरवलं, आपण चौघांनी नाही, हे मी जाणते. पण ठसे आपल्याकडे आहेत. कायद्याची तारीख यायच्या आधीही लोकांना कळवायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ज्या खात्यातून आजवर एकदाही अंगठ्यावर पैसे काढलेले नाहीत, त्या खात्यातून पैसे काढायची ही सोय आजच बंद करा. अनुदान जमा होणं चालूच राहू द्या. ज्याला हवी तो शाखेत किंवा आमच्यासारख्या केंद्रात येऊन मागेल, आम्ही समजावून सांगून चालू करू. जे आधीपासून वापरतात, त्यांना दिवसाला किती आणि कुठल्या जिल्ह्यात हे स्वतः ठरवू द्या. माझी आई सांगेल, माझ्याच तालुक्यात, दिवसाला दोन हजार. एवढी एक ओळ संगणकात असती तर तिचे २८,५०० वाचले असते. खातेदार ज्या जिल्ह्यात कधी गेला नाही तिथून रक्कम निघत असेल तर नुसत्या ठशावर देऊ नका. चार आकडी पिन घ्या, फोन असेल तर ओटीपी घ्या. गावातल्या बाया पिन लक्षात ठेवू शकत नाहीत असं कुणी सांगेल. त्यांना सोळा घरांचे फोन नंबर तोंडपाठ असतात.

लॉक कामानुसार वेगळं करा. बँकेसाठी बंद, रेशनसाठी चालू. आणि ते फोनशिवाय, केंद्रात किंवा शाखेत येऊन करता यावं.

नकली ठशाची तक्रार आली की "ठसा तुमचाच आहे" हे उत्तर बँकेला देता येणार नाही, असं रिझर्व्ह बँकेनं लेखी सांगावं. तीन दिवस मोजायचे ते ग्राहकाला खरोखर कळल्यापासून. पैसे निघाल्याचा संदेश मराठीत यावा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला आवाजी फोन यावा. ज्या खात्यांचे नंबर बंद पडले आहेत त्यांची यादी बँकांकडे असते. त्या लोकांना शोधून नवे नंबर घ्या. त्यातल्या निम्म्यांना मी एकटी शोधून देईन.

वादातल्या व्यवहाराची पूर्ण नोंद खातेदाराला अर्ज केल्यापासून सात दिवसांत मिळावी. कुठलं यंत्र, कुठलं केंद्र, किती वाजता, किती प्रयत्नांनी जुळलं, हे सगळं.

नोंदणी विभागानं जुन्या आणि नव्या सगळ्या दस्तांच्या नकलांत ठसे झाकावेत. मूळ दस्त कार्यालयात असू द्या, न्यायालयानं मागितला तर द्या. आणि आजची स्थिती काय आहे ते पंधरा दिवसांत जाहीर करा.

शेवटची मागणी आकड्यांची आहे. दर वर्षी, जिल्ह्यानुसार सांगा: अंगठ्याच्या फसवणुकीच्या किती तक्रारी आल्या, किती रक्कम गेली, त्यातली किती परत मिळाली आणि किती तक्रारी 'ठसा जुळला' म्हणून बंद केल्या. हा शेवटचा आकडा मला बघायचा आहे.

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तेव्हा आम्हाला सांगितलं होतं, की आता गरिबाला कुणी 'तू कोण?' म्हणून हाकलणार नाही. मी त्यावर विश्वास ठेवला, म्हणूनच हे केंद्र घेतलं. आठ वर्षं लोकांचे अंगठे माझ्या काचेवर टेकवून घेतले, "काळजी करू नका मावशी, सरकारी काम आहे" असं सांगत. आता एखादी मावशी विचारते, "बाई, तुझ्या आईचे गेले म्हणं, आमचे जाणार नाहीत ना?" तिला काय सांगायचं, ते आपण मला लिहून कळवावं.

आईचा आधारला जोडलेला नंबर आता माझा आहे. रेशनच्या दिवशी ती दुकानातल्या कुणाच्या तरी फोनवरून मला फोन करते आणि म्हणते, "अंगठा उघड." मी हातातलं गिऱ्हाईक थांबवून उघडते. ती धान्य घेते, परत फोन करते आणि मी बंद करते. बँकेची तक्रार अजून 'तपासणीत आहे' एवढंच दाखवते आहे. २८,५०० रुपये आलेले नाहीत.

आपल्या उत्तराची वाट पाहते आहे.

आपली विश्वासू,
मराठवाड्यातली एक केंद्रचालक